लॉजवाल्याने हॉटेलात उतरू नये

कोल्हापूरहून परत आल्यापासून जो तो विचारतो, हॉटेल कसं होतं. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला बसलो तर धंदा बसेल, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

चाळीसगावच्या एसटी स्टँडसमोर आमचं अकरा खोल्यांचं लॉज आहे. लग्न झालं त्याच वर्षी ते सुरू केलं. तीस वर्षं मी काउंटरवर बसतो आणि माझी बायको मंदा मागची बाजू सांभाळते. मागची बाजू म्हणजे धुणं, चादरी, चहा, पाणी आणि पाण्यावरून होणारी भांडणं. या तीस वर्षांत आम्ही दोघं मिळून गावाबाहेर गेलो ते लग्नांना, तेराव्यांना आणि दोनदा नाशिकला डोळे दाखवायला. नुसतं फिरायला म्हणून कधीच नाही. पुण्याला असलेल्या आमच्या कविताने लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला कोल्हापुरातल्या एका बड्या हॉटेलची दोन रात्रींची खोली बुक करून तो कागद आईच्या हातात दिला. मंदाने कागद आधी देवापुढे ठेवला आणि मग मला एक अट घातली. दोन दिवस मी लॉजवाला नाही. कुणाच्या चादरी बघायच्या नाहीत, नळ फिरवून बघायचे नाहीत, कुणाला काही शिकवायचं नाही. मी कबूल झालो आणि तीच अट तिलाही घातली. तीही कबूल झाली. धाकट्या भावाला काउंटरवर बसवलं आणि आम्ही निघालो.

सातवा मजला

फेब्रुवारी होता, ऊसतोडीचे दिवस. गावात शिरता शिरता उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे आडव्या आल्या आणि आमची रिक्षा त्यांच्यामागे गोगलगाईसारखी चालली. सगळीकडे मळीचा गोडसर, आंबूस वास. रिक्षावाल्याने हॉटेलचं नाव ऐकून विचारलं होतं, "लग्नाला व्हय, पावणं?" मी म्हटलं, लग्नालाच, पण तीस वर्षांपूर्वीच्या. त्याला ते कळलं नाही. मंदाला कळलं, आणि ती तिथून जी हसायला लागली ती दोन दिवस थांबलीच नाही म्हटलं तरी चालेल.

हॉटेल म्हणजे काचेचा डोंगर होता. आत एवढं मोठं झुंबर, की त्याखाली उभं राहायला माझं मन होईना. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्डं मागितली. आजवर मी हजारो लोकांची आधार कार्डं उलटसुलट करून पाहिली आहेत. फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे का हे बघताना आपल्या चेहऱ्यावर काय भाव असतो, ते मला त्या दिवशी कळलं. तिने तसंच पाहिलं आणि मी उगीचच घाम पुसला. मग उंच दांड्याच्या ग्लासातून कोकम सरबत आलं. ते कोमट होतं. मंदा म्हणाली की बरंच झालं, तिची दाढ ठणकत होती.

किल्लीऐवजी पत्ता दिला, खेळायच्या पत्त्यासारखा. तो दाराला लावला की लाल दिवा लागायचा. तीन वेळा मी सात मजले उतरलो आणि चढलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मुलगी म्हणाली की कार्ड मोबाईलपासून लांब ठेवा. माझ्या लॉजच्या किल्ल्यांना लाकडी ठोकळे आहेत, नारळाच्या करवंटीएवढे. आजवर एकही किल्ली मोबाईलला घाबरलेली नाही. हे मी मंदाला सांगायला गेलो तर तिने बोट ओठावर ठेवलं. अट.

शेवटी दार उघडलं. खोली मात्र खरंच मोठी होती. पण बाथरूम आणि खोली यांच्यामध्ये भिंतच नव्हती, काच होती. आरपार. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काचेला पडदा होता आणि तो बटणाने खाली यायचा. बटण दाबलं तर तो घरघर करत आला आणि अर्ध्यावर थांबला. अर्ध्यावर म्हणजे वरचा अर्धा भाग झाकला गेला आणि खालचा तसाच उघडा. आंघोळ कोण करतंय ते कळू नये, एवढीच सोय झाली. मंदा पलंगावर बसली होती, ती आडवीच झाली. हसताना तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग ठरलं की एकाने आंघोळ करायची तेव्हा दुसऱ्याने खिडकीकडे तोंड करून बसायचं.

खिडकीतून पन्हाळ्याचा डोंगर दिसत होता, त्याच्या अलीकडे हिरवागार ऊस, आणि एका बाजूला कसबा बावड्याकडच्या कारखान्याचा धूर. खिडकी उघडत नव्हती. खाली रस्त्यावर फुकट मिळणारा तो मळीचा वास सातव्या मजल्यावर येत नव्हता, नुसता धूर दिसत होता.

मी चादरीकडे बघत नव्हतो, हे शपथेवर सांगतो. मंदाच पलंगावरून उठताना चादर थोडी ओढली गेली आणि पायाकडचा दुमडलेला भाग बाहेर आला. त्याला वीतभर टाका घातलेला होता. फाटकी बाजू पायाकडे घ्यायची आणि गादीखाली खोलवर दुमडायची, ही आमची युक्ती. आम्हाला वाटायचं, ती मंदानेच शोधली आहे. ती त्या टाक्यावरून बोट फिरवत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, टाका आपला बरा आहे."

खरं सांगायचं तर, त्या क्षणापासून आमच्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. एवढ्या मोठ्या हॉटेलात काही चुकलं की माणसाने नाराज व्हायचं असतं, कविताही फोनवर नाराजच झाली. पण आम्हाला प्रत्येक खोट म्हणजे बक्षीस वाटायला लागली. कपाटावर धूळ सापडली, मी मंदाला बोट दाखवलं. पलंगाजवळच्या बटणांपैकी एक दाबलं तर दिवा जायच्याऐवजी टीव्ही लागला, तिने टाळी दिली. आपण तीस वर्षं ज्या बड्या हॉटेलांना दबून होतो, ती अशी हातभर अंतरावर आली की माणूस पोरासारखा होतो.

संध्याकाळी तिथल्याच उपाहारगृहात जेवलो. कोल्हापुरात तांबडा-पांढरा खायचा म्हणून मी दुपारी जेवलो नव्हतो. तो आला औषधाच्या मापाएवढ्या दोन काचेच्या पेल्यांत, खाली पुदिन्याचं पान. पांढरा गोड लागत होता. भाकरी त्रिकोणी कापून, टोपलीत उभी रचून आणली. मंदा खानदेशातली, तिला भाकरी हाताने मोडायची सवय. तिने वाढप्याला अख्खी भाकरी मागितली. तो पन्नाशीचा, गगनबावड्याकडचा माणूस होता. त्याने आजूबाजूला पाहिलं, खाली वाकला आणि म्हणाला, "ताई, अख्खी द्यायची परवानगी न्हाय. उद्या बाहेर जेवा की."

पाचवा मजला

दुसऱ्या दिवशी नृसिंहवाडीला जायचं होतं, म्हणून साडेसहाला उठलो. गार पडलं होतं. नळ सोडला तर पाणी बर्फ. खाली फोन केला, पाच मिनिटांत येईल म्हणाले. अर्ध्या तासाने केला, तेव्हाही पाचच मिनिटं राहिली होती. हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं वापरतो आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक होता. पाणी येणार नव्हतं.

तेवढ्यात शालन आली. ती आमच्या मजल्यावर झाडलोट करायची, चाळिशीची, कसबा बावड्याची. तिने दारातूनच सांगितलं की गरम पाणी कुठल्याच मजल्यावर न्हाय, मिस्त्री गावाकडं गेलाय आणि साहेबास्नी मशीनचं काय कळत न्हाय. पाचव्या मजल्यावर नवरीकडचं वऱ्हाड उतरलंय, नऊला नवरी हॉलवर पोचायला पायजे आणि तिची आंघोळ व्हायचीय. "जातो मी," ती म्हणाली. "तिथं मामा लई चिडलाय." आमच्याकडे बाई 'जाते' म्हणते. कोल्हापुरात बायका 'जातो' म्हणतात, 'येतो' म्हणतात, आणि ते इतक्या रुबाबात म्हणतात की आपल्यालाच आपलं व्याकरण लेचंपेचं वाटायला लागतं.

शालन गेली. मी पेपर उघडला. मंदा खिडकीकडे तोंड करून बसली, आंघोळ कुणीच करत नसताना. पाच मिनिटांनी मी म्हटलं की खाली दुसरा पेपर मिळतो का बघून येतो. ती म्हणाली जा, मी जरा पडते.

मी तडक तळघरात गेलो. लॉजवाल्याला कुठल्याही इमारतीत बॉयलर कुठे असेल ते नाकाने कळतं. तिथे कोट घातलेला मॅनेजर एका मोठ्या मशीनसमोर उभा होता. तिशीचा असेल. कानाला फोन, डोळे लाल. मशीनवर लाल दिवा. फोनवरचा कंपनीचा माणूस त्याला काहीतरी वाचून दाखवायला सांगत होता आणि याला काय वाचायचं ते सापडत नव्हतं. मी म्हटलं, मी बघू का. तो फार नम्रपणे म्हणाला की सर, इकडे गेस्ट लोकांना परवानगी नाही. मी वळलो. पण वळता वळता पायऱ्यांखालच्या छोट्या टाकीवर एक टिचकी मारली. ढणढण वाजली. रिकामी होती. मग मात्र मला राहवेना. टॉर्च लागणार होता आणि माझा मोबाईल खोलीत होता. लिफ्टपुढे वऱ्हाडाची रांग, म्हणून मी मागच्या जिन्याने, नोकरांच्या, वर पळत सुटलो.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मला मंदा आडवी आली. पदर खोचलेला, दोन्ही हातांत वाफाळणाऱ्या इलेक्ट्रिक किटल्या. मागे शालन, तिच्या हातात आणखी दोन.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या हाताला टाकीवरची काजळी लागलेली होती. पेपर कुठेच नव्हता. मग मंदाच्या हातातली किटली डचमळायला लागली, कारण ती हसायला लागली होती. मी पायरीवर बसलो. शालनला वाटलं, आम्हाला काहीतरी झालं.

हसणं ओसरल्यावर मला लाजही वाटली. हे दोन दिवस तिचे होते. मी तिला म्हटलं, चल, खोलीत जाऊ, हे आपलं काम नाही.

ती म्हणाली, "खोलीत जाऊन काय करू? काचेकडं बघू?"

मग मला सगळं कळलं. नवरीची आई रडकुंडीला आली होती. स्वयंपाकघरात न्याहारीची गर्दी, एकही शेगडी मोकळी नाही. मंदाच्या लक्षात आलं की प्रत्येक खोलीत चहाची एक किटली आहे. तिने शालनला घेऊन तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरची दारं वाजवली आणि लोकांना आपापल्या खोलीत किटली लावायला सांगितली. कुणी का म्हणून विचारलं नाही. तिच्या आवाजात तसं विचारायची सोयच नसते. पुढची अडचण अशी की एवढ्या मोठ्या हॉटेलात आंघोळीची एकही बादली नव्हती. सगळीकडे छतातून पडणारे फवारे. शेवटी शालनने स्वयंपाकघरातून पांढऱ्या रश्श्याचं घासूनपुसून लख्ख केलेलं पातेलं आणलं. त्या पातेल्यात किटल्या रिकाम्या होत होत्या.

मी पाचव्या मजल्यावर जाऊन उभा राहिलो. मंदा एकीला सांगत होती, तू गार पाणी मिसळ, दुसरीला सांगत होती, तू दारात उभी राहा. कुठल्या खोलीची किटली किती मिनिटांत उकळते हे तिच्या डोक्यात होतं. आमच्या लॉजमध्ये काउंटर आणि मागची बाजू यांच्यामध्ये एक भिंत आहे. तिच्यापलीकडून मला तीस वर्षं सगळं वेळेवर मिळत आलं आहे, आणि ते कसं मिळतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी तिथे उगीचच रेंगाळलो. मग तिनेच विचारलं की तुमचं काय अडलंय, आणि टॉर्च म्हटल्यावर स्वतःचा मोबाईल पुढे केला.

ती माझ्याबरोबर तळघरात आली. मॅनेजर पुन्हा परवानगीचं बोलायला लागला, तेव्हा मंदाने त्याला शेवटचं कधी जेवलास ते विचारलं. तो म्हणाला काल दुपारी. त्यानंतर तो परवानगीचं बोलला नाही.

तिने टॉर्च धरला. मी छोट्या टाकीचं झाकण काढलं. आतला फुगा क्षार चढून वरच अडकून बसला होता. फुगा वर म्हणजे टाकी भरली, असं समजून नळ बंद. टाकी कोरडी म्हणून मशीन बंद. एवढंच होतं ते. पण फुग्याची दांडी हाताने हलेना, आणि हातोडी मिस्त्रीबरोबर गावाला गेलेली. मी पायातली चप्पल काढली आणि दोन हाणल्या. जगभरचे लोक कोल्हापुरात येऊन चपला घेऊन जातात. मी चाळीसगावची चप्पल तिथे कामाला लावली. क्षाराचा पापुद्रा खळकन पडला, फुगा खाली आला आणि टाकीत पाणी कोसळायला लागलं. लाल बटण दाबलं. मशीनने म्हशीसारखा हुंकार दिला.

मंदा टॉर्च विझवायला विसरली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती टाकीकडे बघत नव्हती. म्हणाली, "रोज पुढे बसून हे करता होय तुम्ही? मला वाटायचं, पेपर वाचता."

पाणी तापायला पाऊण तास लागला. तोवर नवरीची आंघोळ किटल्यांवरच झाली होती आणि मंदाने हे मला पुढे दोनदा ऐकवलं. बाकीचं वऱ्हाड माझ्या पाण्याने न्हालं.

नवरीचा मामा हा दूधवाला शेतकरी, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून. सकाळी त्याने झुंबर हलेल एवढा आरडाओरडा केला होता म्हणतात. तो आमच्या दारात आला आणि एवढंच म्हणाला, "पावणं, आमच्या पोरीला आंघूळ घातलीसा तुमी. आता जेवल्याबिगर कुठं जायचं न्हाय." मी वाडीचं सांगितलं. देव उद्या बी असतोय, असं म्हणून तो आम्हाला जीपमध्ये बसवूनच घेऊन गेला.

मंदाला पहिल्या रांगेत, नवरीच्या मावश्यांत बसवलं. अक्षता टाकताना तिने डोळे पुसले. कुणाची पोर, कुणाचं लग्न. जेवायला बसलो तेव्हा वाढणाऱ्याचा हात थांबेना. आमच्याकडे पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की वाढपी पुढे जातो. तिथे हातावर वाढतात. माझ्या मनगटावर जिलेबीचा पाक संध्याकाळपर्यंत होता. आणि भाकरी नव्हती, पुरी होती, पण गोल होती. मंदाच्या समोर चार बायका उभ्या राहून "घ्या की, घ्या की" करत होत्या. ती जेवत होती आणि दुसरं कुणीतरी तिच्या ताटाकडे लक्ष देत होतं. मी समोरच्या पंगतीतून ते बघत बसलो आणि माझी जिलेबी वाढतच गेली.

वाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल सोडलं. मॅनेजर स्वतः खाली आला होता, दाढी केलेला, झोप झालेला. त्याने अभिप्रायाचा कागद पुढे केला. सूचनेच्या रकान्यात मंदाने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रत्येक खोलीत एक बादली आणि एक तांब्या ठेवावा.' त्याने तो वाचला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. शालनने घरची कांदा-लसूण चटणी बरणीत घालून आणली होती. निघताना मंदा तिला म्हणाली, "येतो हं." मी थबकलो. शालन खूश झाली.

नृसिंहवाडीला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. पादुकांचं दर्शन झालं, बासुंदी झाली, कवठाची बर्फी बांधून घेतली. पण मंदाला देवाइतकीच ओढ होती ती वांग्यांची. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव तिने ऐकलं होतं. आम्ही खानदेशातले लोक भरताच्या वांग्यावरून भाऊबंदकी करणारे, दुसऱ्याच्या वांग्याला सहजी बरं म्हणत नाही. घाटावरच्या एका म्हातारीकडे तिने एक वांगं उचललं, देठ पाहिलं, कानाशी नेऊन दाबलं आणि पुन्हा एकदा दाबलं. मग दोन किलो घेतली. पिशवी मी धरली.

संगमावर नाव होती. पाणी संथ होतं, दोन नद्यांचे दोन रंग काठाकाठाने वेगळे दिसत होते. नावेत आम्ही दोघंच. मंदा हात पाण्यात सोडून बसली होती. ती कालपासून मधूनच, आपल्याशीच, हसत होती आणि काय आठवलं हे मला विचारावं लागत नव्हतं. मी तिला विचारलं की हॉटेल असं निघालं त्याचं वाईट वाटतं का. ती म्हणाली, कविताला मात्र पुढे सगळं चांगलं झालं म्हणून सांगा.

नावाड्याने कुठले पावणं म्हणून विचारलं. मी गाव सांगितलं. काय करता, असं त्याने विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार, एवढ्यात मंदा बोलली. तीस वर्षं हा प्रश्न कुणी विचारला की ती माझ्याकडे बोट करून 'यांचं लॉज आहे' म्हणते.

"लॉज आहे आमचं," ती म्हणाली. "स्टँडसमोर. अकरा खोल्या, गरम पाणी चोवीस तास."

गरम पाणी आमच्याकडे सहा ते नऊ असतं. पण मालकीणच सांगत होती, मी मान डोलावली.